बारावीची फाईल अकरावीतच उघडा

कुणाचा स्वयंपाक आटोपला असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आज आपल्या पोरींबद्दल बोलायचं आहे. बारावीनंतर पोरीला कॉलेजात घालायचं तर घरच्यांनी काय काय करून ठेवायचं, आणि घरच्यांना जमत नसेल तिथं आपल्या गटानं काय करायचं. पोरांनाही हेच सगळं लागतं. पण आम्ही आज पोरींचंच नाव घेतोय, त्याचं कारण लगेच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईची मुलगी बारावी सायन्सला होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, पोरगी आजीजवळ राहून शिकलेली. बारावीला चांगले मार्क पडले, सीईटीतही पडले. तिला फार्मसीला जायचं होतं. नंबरही लागला, साठ किलोमीटरवरच्या चांगल्या कॉलेजात, इतर मागासवर्गाच्या जागेवर. गावात पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. जात पडताळणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते हातात आलं नव्हतं. अर्ज केल्याची पावती होती. पावतीवर फॉर्म भरता आला, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचं होतं. पडताळणी समितीनं त्रुटी काढली, आजोबांच्या शाळेचा पुरावा आणा म्हणून. तो निरोप गेला ज्याच्या दुकानात फॉर्म भरला त्याच्या मोबाईलवर, कारण फॉर्मवर नंबर त्याचाच होता. त्यानं तो पाहिला आठवड्यानं. पुढं पुरावा शोधेपर्यंत तारीख निघून गेली. राखीव जागा गेली, आणि खुल्या गटात तेवढ्या मार्कांवर नंबर बसत नव्हता.

बाप म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पोरीनं वर्षभर घरी बसायचं असं ठरलं. पण दसरा झाला, टोळ्या निघायची वेळ आली. त्यात मधल्या काळात आजी वारली होती. आता एवढ्या मोठ्या पोरीला एकटी घरात ठेवून फडावर कसं जायचं, हा प्रश्न आला. बरोबर न्यावं तर तिथं कोपीत काय सुरक्षित आहे, ते आपल्याला कुणी सांगायला नको. तुळशीचं लग्न लागलं आणि पुढच्या आठ दिवसांत हिचंही लागलं. आईबाप मुकादमाला सांगून टोळीच्या मागून गेले.

पोराचं एक वर्ष वाया गेलं तर एक वर्षच जातं. तो गॅरेजला जातो, शेतात राबतो, पुढच्या जूनला पुन्हा फॉर्म भरतो. पोरीचं वर्ष गेलं की लग्न होतं. आम्ही ज्या ज्या घरांत हे पाहिलं तिथं कुणी वाईट नव्हतं. बापानं हुंड्यासाठी घाई केली नाही, आईनं शिक्षणाला विरोध केला नाही. एक कागद वेळेवर मिळाला नाही, एवढंच झालं होतं.

त्यात आमचीही चूक होती. त्या वर्षी आम्ही बचतीवर बैठका घेतल्या, रक्तक्षयावर घेतल्या, हळदीकुंकू केलं. पण आपल्या गटातल्या बायांच्या किती पोरी यंदा बारावीला आहेत, हा साधा प्रश्न एकदाही विचारला नाही. आमच्यापैकी ज्या दोघी-तिघी बी.ए. झालो, त्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन एक फॉर्म भरून झालो. मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला दिला की प्रवेश. आम्हाला वाटलं, अजून तसंच चालत असेल. बी.ए., बी.कॉम.ला अजूनही बरंचसं तसंच आहे. पण नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, बी.एस्सी. ॲग्री, वकिली यांचं आता सगळं वेगळं झालंय. आधी सीईटी द्यायची, मग ऑनलाइन नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, मग फेऱ्या. याला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया म्हणतात, पोरं त्याला कॅप राउंड म्हणतात. एका पायरीची तारीख चुकली की पुढची पायरी बंद.

म्हणून आता आमच्याकडे पोरगी अकरावीला गेली की तिची फाईल उघडतो. साधी प्लास्टिकची, बटणाची फाईल. तिच्यात काय ठेवायचं, ते सांगतो.

कागद दोन जातींचे असतात. एक आयुष्यभर चालणारे आणि एक वर्षावर मरणारे. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, अधिवासाचा दाखला हे एकदा काढले की काढले. ते अकरावीतच काढून ठेवायचे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएसचा दाखला यांना मुदत असते. हे लवकर काढून उपयोग नाही. नॉन क्रिमिलेयरवर ३१ मार्चची मुदत लिहिलेली असते. जुलैमध्ये प्रवेश घ्यायचा तर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. कितीतरी जणी मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र जपून, लॅमिनेशन करून आणतात आणि तपासणीच्या टेबलावर ते बाद होतं. हे कागद एप्रिल उजाडला की लगेच काढायला टाकायचे, निकालाची वाट बघायची नाही. निकाल लागला की सेतू केंद्रासमोर लागलेली रांग तुम्ही पाहिलीच असेल. नॉन क्रिमिलेयर हे इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना लागतं. अनुसूचित जाती आणि जमातीच्या पोरींना लागत नाही. एका पोरीला दुकानदारानं विनाकारण ते काढायला लावून पैसे घेतले होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता व्हॅलिडिटीबद्दल जरा सविस्तर. सगळ्यात जास्त पोरी इथंच अडकतात.

जातीचा दाखला तहसील-प्रांताकडून मिळतो. तो खरा आहे का, हे जिल्ह्याची जात पडताळणी समिती तपासते आणि मग प्रमाणपत्र देते. जमातीच्या दाखल्यांसाठी वेगळी समिती असते. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला पोरगी ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकते तिथल्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, शपथपत्रं, वंशावळ आणि पुरावे जोडायचे. पुरावे म्हणजे काय? तर बापाच्या बाजूच्या माणसांच्या जातीची जुनी लेखी नोंद. किती जुनी, हेही ठरलेलं आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा असेल तर काम सोपं होतं. आजोबांचं नाव शाळेत होतं का, कितवीपर्यंत का असेना, ते बघायचं. दुसरीतून शाळा सोडलेली असली तरी त्या शाळेच्या रजिस्टरात नाव आणि जात असते. त्या नोंदीचा उतारा, ज्याला निर्गम उतारा म्हणतात, मुख्याध्यापकांकडून मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा बघा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, त्या बघा. आणि पोरीच्या सख्ख्या चुलत्याची, आत्याची किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर ती आधी मागून घ्या. रक्ताच्या नात्यातल्या एकाची झालेली असली की पुढच्याचं काम बरंच हलकं होतं.

म्हणजे बघा, वंशावळीत आपलं बायांचं नाव कुठंच नसतं, आणि ती गोळा करायला मात्र आपणच जातो.

यात सगळ्यात जास्त हाल होतात ते नवऱ्यानं टाकलेल्या बायांचे. आमच्या गटात अशा चौघी आहेत. पोरीला एकटीनं वाढवलं, शिकवलं, आणि बारावीला आल्यावर कळतं की कागद सासरचे लागणार. माहेरचा पुरावा चालत नाही म्हणतात. एका ताईनं सरळ सांगितलं, त्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, पोरगी नाही शिकली तरी चालेल. तिला आम्ही काही बोललो नाही. तिनं काय सोसलंय ते गटाला माहीत होतं. मग विचार केला की त्या दारात जायची गरजच काय? आपल्याला सासऱ्याचा कागद हवा आहे, सासरा नको. तिच्या सासरच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. आमच्यातल्या दोघी आणि ती पोरगी, अशा तिघी सकाळच्या एसटीनं गेलो. पोरीच्या हातात तिचा स्वतःचा दाखला, त्यावर बापाचं आणि आजाचं नाव. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी कपाटातून रजिस्टरं काढली. पानं हात लावला की तुटत होती. दुपारपर्यंत शोधलं. आजाचं नाव सापडलं ते १९५८ च्या नोंदीत, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात. त्या पोरीनं आपल्या आजाला कधी पाहिलेलं नव्हतं. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

तिची व्हॅलिडिटी आठ महिन्यांनी आली. अकरावीच्या दिवाळीत सुरुवात केली म्हणून बारावीच्या आधी हातात पडली. बारावीच्या निकालानंतर सुरुवात केली असती तर काय झालं असतं, ते पहिल्या गोष्टीत सांगितलंच आहे.

आणखी एक. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का, ते आजच रात्री बघा. एकावर आईचं नाव मध्ये, दुसऱ्यावर बापाचं, एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, जन्मतारखेत घोळ, हे घरोघरी आहे. दहावीचं प्रमाणपत्र बदलायला फार यातायात पडते, त्यामुळे बहुतेक वेळा आधारच दुरुस्त करून घ्यावं लागतं. आणि पोरीचं स्वतःचं बँक खातं हवं, ते आधारला जोडलेलं हवं. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. आपल्याकडे एकीनं दोन बँकांत खाती काढली, आधार जोडलं गेलं जुन्या खात्याला, आणि ती बिचारी नव्या खात्याचं पासबुक भरून भरून थकली. पैसे जुन्यात पडून होते.

आता फॉर्मचं. सीईटीचे फॉर्म कधी निघतात? साधारण हिवाळ्यात, डिसेंबरपासून पुढं. परीक्षा उन्हाळ्यात. म्हणजे फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा आपल्या निम्म्या बाया फडावर असतात. पोरगी घरी, आजीकडे फोन साधा, फी भरायला पैसे नाहीत, आणि शाळेत सर म्हणतात, उद्या शेवटची तारीख. म्हणून टोळी निघायच्या आधी, दसऱ्याच्या आत, तीन गोष्टी करून जा. पोरीजवळ एक चालू मोबाईल नंबर ठेवा, जो वर्षभर बदलणार नाही. परीक्षेच्या फीचे पैसे गटाकडे ठेवा किंवा गटाला सांगून जा, गट भरेल. आणि गावात कोण तिच्याबरोबर जाणार, तिचं नाव ठरवून जा. नुसतं कुणीतरी बघेल म्हणून सोडून जाऊ नका.

सीईटी एकच नसते, हेही सांगायला हवं. इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्रीसाठी एमएचटी-सीईटी. त्यात गणिताचा गट वेगळा, जीवशास्त्राचा गट वेगळा, कुठला भरायचा ते पोरीला नीट विचारा. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी. बारावीनंतर पाच वर्षांच्या वकिलीची वेगळी, ती आर्ट्सच्या पोरीही देऊ शकतात. आणि २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी लागली. त्या पहिल्या वर्षी आमच्या कॉमर्सच्या तीन पोरींना हे कळलंच नाही. त्या निकाल घेऊन कॉलेजात गेल्या तेव्हा क्लार्कनं विचारलं, सीईटी दिली का? डॉक्टरकीसाठी नीट असते, ते बहुतेकींना माहीत आहे. खरं सांगायचं तर गावात नीटचं नाव जरा जास्तच माहीत आहे. नीटच्या क्लासला जमीन गहाण टाकणारे बाप आम्ही पाहिले, आणि त्याच पोरीनं नर्सिंगचा फॉर्म भरायचा राहून गेला हेही पाहिलं. एका मोठ्या दारावर डोकं आपटताना बाजूची तीन दारं उघडी आहेत का, ते बघून ठेवावं. ॲग्रीला तर आपला सातबारा कामाला येतो, शेतकऱ्याच्या लेकराला त्यात अधिभार मिळतो.

फॉर्म दुकानात भरला तरी चालेल, पण दुकानदाराच्या हातात सोडून देऊ नका. मोबाईल नंबर पोरीचा, ईमेल पोरीचा, पासवर्ड पोरीच्या वहीत. ओटीपी तिच्याच फोनवर आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉलेजांचा पसंतीक्रम तिनं घरून लिहून न्यायचा. काही दुकानांत एखाद्या कॉलेजचा माणूस येऊन बसलेला असतो. तो म्हणतो, ताई, हे आमचं कॉलेज एक नंबरला टाका, नंबर नक्की लागेल. लागेलच ना! जिथं कुणी जात नाही तिथं नंबर नक्कीच लागतो. आणि नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावं लागतं. ते सोडलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून एक नंबरला तेच कॉलेज टाका जिथं पोरीला खरोखर जायचं आहे, जिथं राहायची सोय आहे, जिथून महिन्यातून एकदा तरी घरी येता येईल. मागच्या वर्षी शेवटच्या पोरीचा नंबर किती मार्कांवर लागला, ते कॉलेजवार छापलेलं असतं. त्याला कट-ऑफ म्हणतात. शाळेच्या सरांना किंवा गटाच्या एखाद्या शिकलेल्या सुनेला घेऊन बसा, एक संध्याकाळ लागते.

आता पैशाचं बोलू. इथं एक चांगली बातमी आहे आणि तिच्यातच एक खड्डा आहे.

चांगली बातमी अशी की जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं निर्णय काढला. इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी माफ होती. खासगी विनाअनुदानित कॉलेजलाही हे लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या पोरींसाठी शिष्यवृत्ती आणि फी माफी आधीपासूनच आहे. अर्ज सगळ्यांचे महाडीबीटीवर भरायचे, दरवर्षी भरायचे. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही.

आणि खड्डा असा. ही माफी मिळते ती कॅप राउंडमधून नंबर लागला तर. व्यवस्थापनाच्या कोट्यातून, म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेवर थेट प्रवेश घेतला तर मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. एजंट नेमका याच वेळी येतो. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही की पोरगी रडते, बाप घाबरतो, आणि हा म्हणतो, पुढच्या फेरीत काही खरं नाही, आत्ता वीस हजार भरून जागा पक्की करा, फी तर पोरींना माफच आहे. पैसे भरले जातात, कागद हातात येतात, आणि डिसेंबरात महाडीबीटीचा अर्ज भरायला गेल्यावर कळतं की आपण माफीत बसतच नाही. तोवर मूळ कागद कॉलेजात जमा. कुणी असं म्हणालं तर त्याला एकच विचारा, ही जागा कॅपची आहे का, आणि तसं पत्रावर लिहून द्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून उठून या. मूळ कागद हातचे सोडण्याआधी प्रत्येकाच्या चार चार झेरॉक्स काढून ठेवा.

शिवाय माफी शिक्षण फीची आणि परीक्षा फीची आहे. राहणं, खाणं, पुस्तकं, प्रवास आपल्याकडेच. त्यासाठी समाजकल्याणची मुलींची वसतिगृहं आहेत, तिथं राहणं-जेवण फुकट असतं, पण अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीखही वेगळी. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना, जमातींसाठी स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यांत गावाबाहेर शिकणाऱ्या पोरीच्या खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे येतात. उशिरा येतात, हेही सांगून ठेवतो. पहिले चार-सहा महिने पदरमोड करावी लागते.

आणि ही पदरमोड कुणी करायची, यावरून आमच्या गटात चांगलीच वादावादी झाली. एका ताईनं पोरीच्या नर्सिंगसाठी पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. लगेच प्रश्न सुरू झाले. जामीन कोण? पोरगी शिकून लग्न करून गेली तर फेडणार कोण? आमच्यातली एक म्हातारी आजी, सही न करता अंगठा लावणारी, ती कोपऱ्यातून म्हणाली, मागच्या महिन्यात हिच्याच थोरलीच्या लग्नाला तीस हजार दिले, तेव्हा कुणी विचारलं नाही ते कसे फिटणार? बैठक एकदम गप्प झाली. वही काढून पाहिलं. तीन वर्षांत आपल्या गटानं लग्नासाठी नऊ कर्जं दिली होती, शिक्षणासाठी एकही नाही. आता आम्ही ठराव केलाय. अंतर्गत कर्जात पोरींच्या शिक्षणाला पहिला नंबर, व्याज निम्मं, आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परतफेड सुरू. सगळ्यांना तो पटला असं नाही. दोघींनी अजून सही केलेली नाही. पण ती पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि कर्जातले सहा हजार परत आलेत.

मोठी रक्कम लागत असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी शाखेत सातबारा आणा म्हणतात. मागितला तर लेखी मागा म्हणावं. गटाच्या दोघी बरोबर गेल्या की बोलण्याचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव.

ज्यांच्या पोरी आर्ट्सला आहेत त्यांना वाटेल, हे सगळं सायन्सचंच चाललंय. तसं नाही. तुमच्याही पोरीला शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, वसतिगृह आहे, एसटीचा सवलतीचा पास आहे. काही कॉलेजांत कमवा आणि शिका योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. ग्रंथालयात, बागेत दिवसाचे काही तास काम करायचं आणि त्याचे पैसे मिळतात. आणि घरातून बाहेर पडणं अगदीच जमत नसेल, लग्न झालेलं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र बहुतेक तालुक्यांत आहे. हे आम्ही सांगतो तेव्हा पोरींपेक्षा आयाच जास्त कान देतात. आमच्या गटातल्या दोन सुना यंदा त्यात दाखल झाल्यात.

सुरुवातीला जिची गोष्ट सांगितली ती आता शेजारच्या तालुक्यात आहे. एक मुलगा आहे, घर बरं आहे. जत्रेला आली की भेटते. तिच्या मोबाईलमध्ये अजून तो नंबर लागल्याचा कागद आहे, फोटो काढून ठेवलेला. मुक्त विद्यापीठाचं तिला आम्ही दोनदा सांगितलं. सासूला विचारते म्हणाली. आणि दर वेळी आम्हालाच विचारते, यंदा आपल्या गावातून किती जणींचे नंबर लागले?

तर यंदाचं सांगतो. आमच्या आठ गटांत मिळून बारावीला अकरा पोरी आहेत, अकरावीला चौदा. बारावीच्या अकरापैकी नऊ जणींना व्हॅलिडिटी लागणार आहे. त्यातल्या सात जणींची आली. एकीची त्रुटी निघालीय, तिच्या चुलत आजोबांची नोंद शोधायला सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं दोघी जाणार आहेत. दुसरीचे आजोबा कुठल्या शाळेत होते, तेच घरात कुणाला आठवत नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल की साठच्या दशकात आपल्या भागातल्या वस्त्यांवरची पोरं शिकायला कुठल्या गावी जायची, तर गटाच्या कार्यालयात निरोप द्या, किंवा बाजारच्या दिवशी येऊन सांगा. घरात म्हातारं माणूस असेल तर आज झोपायच्या आधी त्यांना विचारून बघा.